पाटे वाढवून गाडीची ताकद वाढते का?



उसाची ओढ ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाडीवर चालते, पण घरची बाकीची सगळी कामं आता पिकअपवर येऊन पडली आहेत. बेणं, खताची पोती, दुधाचे कॅन, बांधकामाची वाळू, सगळं त्याच हौद्यात. गाडी बहुधा कर्जाची, हप्ता दर महिन्याचा. मग एका फेरीत बसेल तेवढं भरायचं, आणि गाडी मागून बसायला लागली की गॅरेजात नेऊन दोन पाटे वाढवून घ्यायचे, असा सरधोपट रिवाज पडला आहे. पाटे वाढवल्यावर गाडी पूर्वीइतकी बसत नाही, म्हणून मालकाला वाटतं, ताकद वाढली. या समजुतीबद्दलच आम्हाला इथं चार शब्द लिहायचे आहेत.

हौद्यातलं ओझं आधी चासीवर येतं, तिथून पाट्यांवर, पाट्यांवरून एक्सलवर, मग हबातल्या बेअरिंगवर आणि शेवटी टायरवर. पाटे ही या साखळीतली एक कडी. ती जाड केली म्हणून बाकीच्या कड्यांवरचा भार किलोभरही कमी होत नाही. उलट पाट्यांचा लवचिकपणा गेला की खड्ड्यातला दणका थेट चासीवर आणि बेअरिंगवर जातो. पूर्वी गाडी बसून सांगायची की बास झालं. आता ती सांगेनाशी होते एवढंच.

यात ब्रेकची गोष्ट तर बहुतेकांना ठाऊकच नसते. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. गाडी किती बसली यावरून तो ओझ्याचा अंदाज घेतो आणि मागच्या चाकांना तेवढा ब्रेक देतो. पाटे वाढवले की गाडी भरूनही बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी मोकळी आहे, आणि मागचा ब्रेक तो कमीच ठेवतो. म्हणजे ओझं जास्त आणि ब्रेक कमी. घाट उतरताना याचा अर्थ काय होतो ते निराळं सांगायला नको. ज्यांनी पाटे आधीच वाढवले आहेत, त्यांनी निदान ही दांडी जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावी. दुसरा एक गैरसमज शॉकअपचा. शॉकअप वजन पेलत नाही, तो फक्त पाट्यांची उसळी आवरतो. नवे शॉकअप टाकले म्हणून दोन पोतीसुद्धा जादा भरता येत नाहीत.

मग भरायचं किती? उत्तर आरसीवर लिहिलेलं असतं. भरल्या गाडीचं एकूण वजन आणि मोकळ्या गाडीचं वजन, यांतला फरक म्हणजे आपली मर्यादा. समजा, हा फरक १,३०० किलो आला. पण मोकळ्या वजनात चालक धरलेला नसतो. चालक आणि सोबतचा गडी मिळून १५० किलो गेले. नंतर बसवलेली लोखंडी जाळी १०० किलो. मालाला राहिले १,०५० किलो. युरियाचं पोतं ४५ किलोचं, म्हणजे २३ पोती. डीएपीचं ५० किलोचं, ती २१.

वाळूत तर डोळे हमखास फसवतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि घनफुटाला साधारण ४५ किलो धरले तर साडेचार टन. ओली असली तर आणखी जड. नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद हौद्यात अर्ध्या फुटाचा थर दिला की पाव ब्रास, म्हणजे अकराशे किलो झाली! हौदा रिकामा दिसतो, गाडी मात्र भरलेली असते.

कारखान्याच्या काट्यावर दहा-वीस किलोंसाठी तावातावाने बोलणारे आपण, स्वतःची पिकअप कधी काट्यावर घातली आहे का? एकदा मोकळी आणि एकदा नेहमीच्या मालासकट घालून बघावी. काट्याची पुढची जमीन सपाट असेल तर फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून मागच्या एक्सलचा भारही कळतो. तो मुद्दाम बघावा, कारण एकूण वजन बरोबर असूनही मागचा एक्सल जादा भरलेला असू शकतो.

गाडी उलाळ होणं म्हणजे काय, हे बैलगाडी हाकलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. माल मागं गेला की जू वर उचलतं. पिकअपचंही तेच. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर धरा. मागच्या चाकांच्याही मागं एक मीटरवर २०० किलो ठेवले, तर मागच्या एक्सलवर २६७ किलो येतात आणि पुढची चाकं ६७ किलोंनी हलकी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं, ते यामुळं. म्हणून जड पोती केबिनच्या पाठीशी, हलका माल फाळक्याकडे. पाण्याची हजार लिटरची टाकी अर्धी भरून नेऊ नये. वळणावर सगळं पाणी एका अंगाला जातं.

दंडाचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे जादा वजनाला २० हजार रुपये, शिवाय जादा भरलेल्या प्रत्येक टनाला दोन हजार, आणि माल उतरवण्याचा खर्च आपलाच.

पाटा तुटला तर वेल्डिंग करून भागवू नये. आचेने पोलादाचं पाणी उतरतं आणि तो शेजारीच पुन्हा तुटतो. नवा पाटा घातल्यावर काही दिवस गाडी चालवून यू-बोल्ट परत आवळून घ्यावेत. ते सैल राहिले तर सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल जागचा सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालू लागते. मागून येणाऱ्याला हे आधी दिसतं, चालवणाऱ्याला उशिरा.

आता बेण्याचा हिशेब. एकरी दोन डोळ्यांच्या दहा हजार टिपऱ्या, वजन अडीच टनांच्या आसपास. वरच्या गाडीला त्या तीन फेऱ्या होतात, आणि दोनमध्ये उरकायचा मोह तिथंच होतो. पण दाबून भरलेल्या बेण्यात तळाच्या उसाचे डोळे चेंगरतात आणि पुढं सरीत तुटाळ दिसते. बेणं पाचटासकट न्यावं, टिपऱ्या लागणीच्या रानातच कराव्यात. तिसऱ्या फेरीचा ऊस सावलीत, ओल्या पाचटाखाली झाकून ठेवला तर गाडी परत येईपर्यंत त्याला काही होत नाही.