विद्यापीठांचे फुटबॉल-सामने आणि ऊन
ज्यांचे चिरंजीव विद्यार्जनार्थ अमेरिकेच्या दक्षिण भागांत आहेत, त्यांस तेथील विद्यापीठांच्या फुटबॉलचें वेड ऐकून ठाऊक असेलच. (चेंडू हातांत घेऊन पळण्याच्या खेळास फुटबॉल कां म्हणावें, हें तेच जाणोत!) हे सामने ऑगस्टअखेर सुरू होतात. फ्लॉरिडा, लुइझियानाकडे तेव्हां ऊन कडक आणि हवा कोंकणासारखी दमट. घाम येतो पण सुकत नाहीं, आणि न सुकणारा घाम अंगास थंडावा देत नाहीं.

१९६५ सालीं फ्लॉरिडा विद्यापीठांतील डॉ. रॉबर्ट केड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घामानें गळून जाणाऱ्या खेळाडूंसाठीं पाणी, मीठ व साखर यांचें पेय केलें. तें पिववेना, तेव्हां पत्नीच्या सूचनेवरून लिंबाचा रस घातला. तेंच आजचें प्रसिद्ध ‘गेटोरेड’. आपलें सरबत याहून कितीसें निराळें?

खेळाडूंवर वैद्यांची दृष्टि असते, प्रेक्षकांवर कोणाची? उघड्या बाकांवर तीन-चार तास बसणाऱ्यांत मद्य घेतलेले पुष्कळ. एखादा बरळूं लागला, तर झिंगला म्हणून लोक हंसतात, आणि येथेंच घात होतो. बरळणें, झोक जाणें, अंग भाजणें हीं उष्माघाताचीं लक्षणें असूं शकतात. घाम वाहत असला तरीही! रुग्णवाहिका बोलवावी, पण तिची वाट पाहत बसूं नये. सावलींत नेऊन, जादा कपडे उतरवून, थंड पाण्यानें व बर्फानें सर्वांग गार करावें. शुद्धीवर नसल्यास तोंडांत पाणी मुळींच घालूं नये.

चिरंजीवांस हें अवश्य कळवावें. टोपीही सांगावी, छत्री मात्र तेथील बहुतेक क्रीडांगणांत नेऊं देत नाहींत.