समासातली मालकी

मुंबईच्या हायकोर्टातून फोर्टच्या बाजूला बाहेर पडलं, की कायद्याच्या पुस्तकांची दुकानं लागतात. वरच्या फळ्यांवर जाडजूड भाष्यग्रंथ आणि गल्ल्याजवळ हाताला येतील असे बेअर ॲक्टचे गठ्ठे. या पुस्तिकांचं गिऱ्हाईक फक्त वकील नाहीत. परीक्षेचा विद्यार्थी येतो, भाडेकरूशी वाजलेला घरमालक येतो, सोसायटीच्या सभेत तोंडघशी पडलेला सेक्रेटरीही येतो. पुस्तिका पातळ कागदाची, शिवण कच्ची, दोन वर्षांत पानं सुटणार. नावाप्रमाणे आत निव्वळ कायदा असायला हवा. पण अनेकांच्या मुखपृष्ठावर, नावाखाली, लहान अक्षरांत आणखी काही छापलेलं असतं: ‘संक्षिप्त टिपांसह’.

टिपा कसल्या, तर एखाद्या कलमाखाली बारीक टाइपात दोन ओळी. पुष्कळदा कलम जे सांगतं तेच त्या पुन्हा सांगतात. कुणी त्या वाचत असेल असं वाटत नाही. दिगंबर म्हणवून घ्यायचं आणि लंगोटीही नेसायची, हा प्रकार कशासाठी, हे कोडं प्रस्तुत लेखकाला बरीच वर्षं पडलेलं होतं. उत्तर त्याच गठ्ठ्यातल्या एका पुस्तिकेत निघालं. ती होती कॉपीराइट ॲक्ट, १९५७.

या कायद्याचं कलम ५२ म्हणजे अपवादांची लांबलचक यादी. काय केल्याने कॉपीराइटचा भंग होत नाही, ते तिथे सांगितलं आहे. त्यातला ‘क्यू’ खंड सरकारी मजकुराविषयी आहे. राजपत्रात आलेलं काहीही खुशाल छापा, मात्र विधिमंडळाचा अधिनियम सोडून. न्यायालयाचा निकाल छापा, न्यायालयानेच मनाई केली नसेल तर. आणि अधिनियम छापायचा असेल तर तो भाष्यासह किंवा अन्य कुठल्या तरी स्वतंत्र मजकुरासह छापा. नियम मोकळे, निकाल मोकळे. ज्या कायद्यापोटी हे दोन्ही जन्मतात त्याच्या अंगावर मात्र चिंधी हवी! कारण सरळ आहे. याच कायद्याप्रमाणे सरकारी कृतीचं पहिलं स्वामित्व सरकारचं असतं आणि ते प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतं. कायद्याचं अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, असं बजावणारं सरकार त्या कायद्याच्या मजकुराचं मालकही असतं.

ही खोड जुनी आहे. इंग्लंडमध्ये रिचर्ड टॉटेल नावाच्या मुद्रकाला १५५३ साली कॉमन लॉची पुस्तकं छापण्याचा एकाधिकार राजसत्तेकडून मिळाला होता. आपल्याकडे कंपनी सरकारने १८४७ मध्ये कॉपीराइटचा कायदा केला, १९१४ मध्ये ब्रिटनच्या १९११ च्या कायद्याची कलमं इथे रुजवली आणि १९५७ मध्ये स्वतंत्र भारताचा कायदा आला. मधल्या दुरुस्त्या मोजत बसण्यात मजा नाही.

मराठी वाचकासाठी ‘क्यू’नंतरचा ‘आर’ खंड जास्त गमतीचा आहे. केंद्राच्या एखाद्या कायद्याचं मराठी भाषांतर कुणालाही छापता येतं, पण सरकारने ते आधी केलेलं नसेल तर. किंवा केलं असूनही लोकांना ते विकत मिळत नसेल तर. शिवाय, हे भाषांतर शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलेलं नाही, असं ठळक जागी छापावं लागतं. महाराष्ट्रात १९६० पासून भाषा संचालनालय आहे. कायद्यांची अधिकृत मराठी पाठ तयार करणं हे त्याच्या कामांपैकी एक. म्हणजे खासगी भाषांतरकाराला वाव कधी, तर सरकारी प्रत दुकानात नसेल तेव्हा. लोकांची गैरसोय हीच पूर्वअट असलेला हक्क कायद्याच्या पुस्तकांत फार वेळा सापडत नाही.

पण टिपांकडे परत येऊ. मूळ मजकूर कुणाचा आणि त्याखालची टीप कुणाची, हे भांडण मुंबईतून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे त्या काळच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत, गेलेलं आहे, आणि तेही एका ‘गाईड’वरून.

गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मॅकमिलन कंपनीने प्लूटार्कच्या सिकंदर-चरित्राची शालेय आवृत्ती काढली. इंग्रजी भाषांतर सर थॉमस नॉर्थचं, १५७९ सालचं. त्यावर कुणाचाच हक्क उरलेला नव्हता. मॅकमिलनने त्यातला सुमारे निम्मा मजकूर निवडला, मुलांच्या हाती देण्याजोगा नाही तो भाग गाळला, तुटलेले सांधे दोन-चार शब्दांनी जुळवले आणि शेवटी टिपा जोडल्या. मॅट्रिकच्या परीक्षेमुळे त्याला बाजार होता. मुंबईच्या के. अँड जे. कूपर या शैक्षणिक प्रकाशकांनी त्याच चरित्राची आपली आवृत्ती काढली. मजकुराची निवड जवळपास तीच, आणि टिपांमध्येही ओळखीचे चेहरे. नवनीत आणि अपेक्षितच्या राज्यात वाढलेल्या पिढ्यांना यात आश्चर्य वाटण्याचं कारण नाही.

मॅकमिलनने दावा लावला. प्रिव्ही कौन्सिलच्या वतीने लॉर्ड ॲटकिन्सन यांनी दिलेला निकाल १९२४ च्या निकालसंग्रहांत छापला गेला. जुन्या पुस्तकातले उतारे वेचून ते सांधण्यात नवा कॉपीराइट निर्माण होण्याइतकं कसब, श्रम आणि विवेक दिसत नाही, म्हणून मजकुरापुरते कूपर सुटले. टिपांवर मात्र ते पकडले गेले. टिपा लिहायला वाचन लागतं, काय सांगायचं आणि काय सोडायचं हे ठरवावं लागतं. त्या मॅकमिलनच्या ठरल्या आणि कूपरनी त्या उचलल्या, असा निर्णय झाला. कूपर प्रकरणात ज्या इंग्रजी निकालाचा आधार घेतला गेला तो १९१६ चा निकालही लंडन विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या प्रश्नपत्रिकांवरून झालेल्या भांडणातला. स्वतंत्र निर्मिती कशाला म्हणायचं, हा कॉपीराइटचा मूळ प्रश्न परीक्षेच्या बाजारात इतक्यांदा सुटावा, आणि आपल्याकडे ‘कॉपी’ या शब्दाचा पहिला अर्थही परीक्षेतलाच असावा, हा योगायोग मजेदार आहे.

त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी हेच भांडण सीडी-रॉमवर आलं.

भारतातल्या कुठल्याही विधी महाविद्यालयात ‘मोडक’ म्हटलं की विद्यार्थ्यांना एकच गोष्ट आठवते: ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक, १२ डिसेंबर २००७. नावाला मराठी आडनाव चिकटलेलं असलं तरी लढाई होती लखनौच्या प्रकाशन संस्थेची आणि संगणकावर निकाल विकू पाहणाऱ्या दोन कंपन्यांची. ईस्टर्न बुक कंपनी १९६९ पासून ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ हा निकालसंग्रह काढते. त्याचं लघुरूप एससीसी. कोर्टात वकिलाच्या तोंडी तेच. प्रतिवादींची उत्पादनं होती ‘ग्रँड ज्युरिक्स’ आणि ‘द लॉज’. एका चकतीत हजारो निकाल. आमच्या छापील खंडांतून मजकूर उचलून तुम्ही चकत्या भरल्यात, अशी वादीची तक्रार होती.

निकालपत्र वाचण्यासारखं आहे ते तत्त्वज्ञानासाठी नाही, संपादकाच्या टेबलावरच्या तपशिलासाठी. कोर्टाच्या रजिस्ट्रीतून निकालाची प्रत मिळते. मग एससीसीचे संपादक काय काय करतात, याची यादीच कंपनीने मांडली. निकालात नुसतं एका खटल्याचं नाव असेल तर त्याचं सायटेशन, म्हणजे तो कोणत्या निकालसंग्रहात कुठे छापला आहे त्याचा हवाला, शोधून घालायचं. सायटेशन असेल तर नाव घालायचं. इतर निकालसंग्रहांतले समांतर संदर्भ जोडायचे. उताऱ्यात शब्द गळला असेल तर मूळ ग्रंथाशी ताडून भरायचा. व्याकरणाच्या आणि छपाईच्या चुका काढायच्या. अधोरेखित केलं ते न्यायमूर्तींनी की मूळ लेखकाने, हे नोंदवायचं. लांबलचक परिच्छेद फोडायचे, तुटक परिच्छेद जोडायचे, सगळ्यांना क्रमांक द्यायचे. पीठातला कोणता न्यायाधीश सहमत, कोण अंशतः सहमत, कोण असहमत, तेही सांगायचं. आणि या सगळ्याच्या वर हेडनोट, म्हणजे निकालाचं सार. मुद्रितशोधकाच्या वाट्याला कोर्टात इतका सन्मान क्वचितच आला असेल.

दिल्ली उच्च न्यायालयात एकल न्यायाधीशांनी मनाई हुकूम नाकारला. खंडपीठाने हेडनोट आणि संपादकीय टिपांना हात लावू नका, असं प्रतिवादींना सांगितलं. निकालाचा मजकूर मात्र घ्यायला मोकळीक दिली. त्या मजकुरावर आम्ही जो हात फिरवला त्याचं काय, एवढा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासाठी उरला.

न्यायमूर्ती बी. एन. अग्रवाल आणि पी. पी. नावलेकर यांच्या पीठासमोर दोन टोकं होती. एक जुनं इंग्रजी माप: घाम गाळला, तर मालकी. दुसरं अमेरिकेचं १९९१ चं, टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यातलं: घाम पुरत नाही, थोडी तरी सर्जनशीलता दाखवा. पीठाने कॅनडाच्या २००४ च्या निकालातली मधली वाट धरली: कसब आणि विवेक हवा, आणि तो यांत्रिक नको. या मापाने यादी चाळली तेव्हा बहुतेक बाबी गळाल्या. सायटेशन जोडणं, चूक सुधारणं, गळलेला शब्द भरणं, यात मेहनत आहे, पण सर्जन नाही. उरल्या तीनच: मजकूर परिच्छेदांत पाडणं, निकालांतर्गत परिच्छेदांचे परस्परसंदर्भ देणं आणि न्यायाधीशांच्या सहमती-असहमतीची नोंद. कुठला युक्तिवाद कुठे संपतो हे कळल्याशिवाय परिच्छेद पाडता येत नाही, त्याला कायदा समजावा लागतो. चकतीवाल्यांना तेवढ्या तीन गोष्टी उचलायला बंदी झाली. बाकी स्वतःच्या हेडनोट लिहा आणि विका.

ज्याने कधी मुद्रितं तपासली आहेत त्याला या निकालात एक सल राहणारच. पानंपानं मूळ ग्रंथ धुंडाळून एक गळलेला शब्द परत आणणाऱ्याचं काही नाही, आणि योग्य जागी एंटर दाबणाऱ्याचा हक्क! कायद्याच्या अंगाने न्यायालय बरोबर आहे. चूक सुधारणाऱ्याला मालकी दिली, तर मूळ बिनचूक मजकूर कुणालाच छापता येणार नाही. तरी सल राहतो.

निकालानंतर महिन्याभरातच, जानेवारी २००८ मध्ये, ‘इंडियन कानून’ हे संकेतस्थळ सुरू झालं. मिशिगन विद्यापीठातून संगणकशास्त्रात पीएच.डी. केलेल्या सुशांत सिन्हा यांनी निकालांचं मोफत शोधयंत्र उभं केलं. आज तालुका कोर्टातला कनिष्ठ वकीलसुद्धा युक्तिवादाआधी मोबाइलवर तेच उघडतो. खुद्द सर्वोच्च न्यायालयाने ‘ई-एससीआर’वर आपले सुमारे ३४ हजार निकाल मोफत खुले केले ते पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये.

सिन्हा हे नाव आणखी एका खटल्यात येतं. कार्ल मालामुद हा अमेरिकी गृहस्थ जगभरातले कायदे आणि मानकं फुकट वाटण्याच्या वेडाने झपाटलेला आहे. इमारत कशी बांधायची, शिडी केवढी रुंद हवी, हे सांगणारी भारतीय मानकं त्याने हजारोंनी विकत घेतली आणि इंटरनेटवर टाकली. प्रत्येकाला नवं मुखपृष्ठ, त्यावर माहिती अधिकार कायद्याचे शब्द आणि चक्क भर्तृहरी. कित्येक मानकं पुन्हा टंकलिहून घेतली, आकृत्या नव्याने काढल्या. ही मानकं काढणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोने हरकत घेतली. तेव्हा मालामुद, सिन्हा आणि श्रीनिवास कोडाली यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. पुढे ब्यूरोने आपली बहुतेक स्वदेशी मानकं स्वतःच मोफत उतरवून घेण्याची सोय केली. ‘कोड स्वराज’ या आपल्या पुस्तकात मालामुदने गांधींना साक्षीला बोलावलं आहे, आणि ते ओढूनताणून नाही: ‘हिंद स्वराज्य’च्या १९१० च्या इंग्रजी आवृत्तीवर सर्व हक्क राखून ठेवल्याची नव्हे, कोणताही हक्क राखून न ठेवल्याची सूचना होती.

याच माणसामुळे अमेरिकेत टिपांचा प्रश्न उलटा झाला. जॉर्जिया राज्याचा अधिकृत कायदेसंग्रह टिपांसह निघतो आणि त्या टिपांवर राज्य हक्क सांगत होतं. मालामुदने सगळे खंड स्कॅन करून वाटले. राज्याने दाव्यात त्याच्या या पद्धतीला ‘दहशतवाद’ हा शब्द लावला. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की विधिमंडळ आपल्या कामाचा भाग म्हणून टिपा काढत असेल तर त्याही जनतेच्या. कूपरला टिपांनी बुडवलं, मालामुदला त्यांनीच तारलं. फरक एवढाच, की इथे टीप लिहिणारा हात सरकारचा होता.

खासगी हाताची टीप मात्र अजून पक्की आहे. ‘रॉस इंटेलिजन्स’ या कंपनीला कायद्याचं शोधयंत्र शिकवायचं होतं. ‘वेस्टलॉ’च्या निकालसंग्रहाचा परवाना मिळेना, तेव्हा तिने दुसऱ्या कंपनीकडून प्रश्नोत्तरं लिहवून घेतली, लिहिणाऱ्यांनी वेस्टलॉच्या हेडनोट समोर ठेवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायाधीश स्टीफानोस बिबास यांनी आपलंच आधीचं मत बदलून २,२४३ हेडनोटच्या बाबतीत भंग झाल्याचं धरलं. निकालातून हेडनोट काढणारा संपादक त्यांना दगडातून मूर्ती काढणाऱ्या शिल्पकारासारखा वाटला: दगड सगळ्यांचा, काय ठेवायचं आणि काय छिलायचं ते त्याचं. रॉसचं दुकान खटल्याच्या खर्चापायी २०२१ मध्येच बंद झालं होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. यंत्र तर समास आणि मजकूर वेगळे वाचतच नाही; त्याच्या पोटात दोन्हींचा एकच काला होतो.

फोर्टमधल्या गठ्ठ्यातली कॉपीराइट ॲक्टची ती पुस्तिका पुन्हा उघडली. कलम ५२ खालच्या बारीक टाइपात मोडक खटल्याचा उल्लेख होता. कायद्याने मागितलेली चिंधी अशी त्याच खटल्याच्या नावाने भरली होती. शेजारी सायटेशन: (२००८) १ एससीसी १. सायटेशन घालण्यात मालकी नाही असं ज्यांना ऐकून घ्यावं लागलं, त्या लखनौच्या प्रकाशकांनी तो निकाल २००८ च्या पहिल्या खंडाच्या पहिल्या पानावर छापला होता, आणि आता त्याचा हवाला द्यायचा तर बहुतेकांना त्यांचंच नाव लिहावं लागतं.