महाडच्या डॉक्टरांचा विंचवावरचा अभ्यास

पावसाळा सुरू झाला की टेकडीच्या उतारावरच्या आपल्या वस्त्यांत विंचू निघतात. विटांच्या ढिगाखाली, सरपणात, पत्र्याच्या फटीत, कधी चपलेत. मोठा काळा विंचू दिसला की सगळे घाबरतात, पण जिवावर बेततो तो बहुधा लहानसा लाल विंचू. या लाल विंचवाचा दंश झालेला माणूस आज वाचतो, यामागे एका मराठी डॉक्टरांचे चाळीस वर्षांहून अधिक काळाचे काम आहे. त्यांचे नाव डॉ. हिंमतराव बावस्कर.

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या शेतकरी घरातले हे डॉक्टर 1976 च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. कोकणात तेव्हा विंचवाने धडधाकट मुले दगावत. भगत, मंत्र, मुळी, सगळे करून झाल्यावर रुग्ण दवाखान्यात यायचा. पुस्तकांत यावर नेमका इलाज नव्हता. डॉक्टरांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासातासाला नोंद ठेवली. पुढे त्यांनी आपल्या पुण्यात बी. जे. मेडिकल कॉलेजात एम.डी. केली आणि पुन्हा त्याच भागात परतले. शहरात थांबून पैसा करणे सोपे होते, हे वेगळे सांगायला नको.

नोंदींतून त्यांना दिसले ते असे. विष मज्जातंतूंना चेतवते. शरीरात उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो. हृदय त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलून थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. माणूस मरतो तो या पाण्याने. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध दिले तर? प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी हेच काम करते.

दंशानंतरच्या धोक्याच्या लक्षणांवरचा त्यांचा लेख 1982 मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि प्राझोसिनवरचा 1986 मध्ये. लॅन्सेट 1823 पासून निघते. तिथे लेख पाठवला की त्या विषयाचे जाणकार तो तपासतात, प्रश्न विचारतात, आकडे मागतात, आणि बहुतेक लेख परत जातात. तालुक्याच्या गावातून पाठवलेला लेख तिथे छापला गेला तो पुराव्यावर. सांगणारा मोठा आहे किंवा चालत आले आहे म्हणून मानू नका, अनुभवाने पारखा, हे कालाम सुत्तातून आपण ऐकलेलेच आहे. भगताच्या मंत्राची अशी पारख कोणी केली?

बरे, स्वतःचा इलाजही त्यांनी पुन्हा पारखायला काढला. विंचवाच्या विषावरची लस मुंबईच्या हाफकिनने तयार केली होती. ती प्राझोसिनसोबत दिली तर अधिक गुण येतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 70 रुग्णांचे दोन गट केले. लस आणि गोळी दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या गोळीवर 35 पैकी 8. हा अभ्यास 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. आपल्याच गोळीपेक्षा गोळी आणि लस मिळून बरी, असे जाहीर लिहायला मन मोठे लागते.

संशोधकाचे वजन मोजताना किती लेख छापले आणि इतरांनी त्यांचा किती वेळा दाखला दिला, हे पाहतात. ते पाहावेच, कारण दाखला म्हणजे दुसऱ्या कोणाला ते काम उपयोगी पडले. पण आम्हाला दुसरा आकडा मोठा वाटतो. पूर्वी अशा गंभीर रुग्णांतले शंभरातले तीसच्या आसपास दगावत. प्राझोसिन आल्यावर ते प्रमाण एकाच्या आसपास आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता घरातले. विंचू चावला की कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. ठणका असेल तर बर्फ कापडात गुंडाळून लावा. ठणका कमी आहे म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, धाप लागणे ही खरी धोक्याची चिन्हे. मुलग्यात किंवा पुरुषात लिंग ताठ होणे हेही त्यातलेच लक्षण आहे. लाजेने ते लपवले तर डॉक्टरांचा वेळ जातो. यातले काही दिसण्याचीही वाट न पाहता लहान मुलाला लगेच ससूनला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या, 108 ला फोन करा. विंचू चावल्याची वेळ लक्षात ठेवून सांगा. प्राझोसिन मेडिकलमधून स्वतः आणून देऊ नका: तिने रक्तदाब एकदम उतरतो, मात्रा वजनावर ठरते. दवाखान्यात ती दिल्यावर मुलाला कडेवर उचलू नका, उठवून बसवू नका, डॉक्टर सांगेपर्यंत आडवेच ठेवा.