नवे सुपरहिरो टिकत नाहीत? आधी प्रश्न तपासू

अंगारकीला राजूरला आलात तर दर्शन झाल्यावर पाच मिनिटं खेळण्यांच्या दुकानांसमोर थांबा. मुखवट्यांवर, फुग्यांवर कोण दिसतं? स्पायडरमॅन, बॅटमॅन, छोटा भीम. स्पायडरमॅनचा जन्म १९६२ चा, बॅटमॅनचा १९३९ चा. म्हणजे घेणाऱ्या पोरांच्या आजोबांच्या वयाचे हिरो. मागे एका दुकानदाराला विचारलं, नवीन काही का नाही ठेवत? तो म्हणाला, "भाऊ, मागच्या चतुर्थीला जे खपलं तेच आणतो. नवं आणून परत घरी नेऊ का?"

आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यानं तिथंच दिलं.

याला शास्त्रीय भाषेत क्युम्युलेटिव्ह ॲडव्हांटेज म्हणतात. ज्याच्याकडे आधीच आहे, त्यालाच आणखी मिळत जातं. रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानक्षेत्राबद्दल हेच मांडलं आणि त्याला 'मॅथ्यू इफेक्ट' नाव दिलं. नामवंत शास्त्रज्ञाला श्रेय पटकन मिळतं, नवख्याला तेवढ्याच कामाचं मिळत नाही. (पीएचडीला येणाऱ्यांनी हे आत्ताच वाचून ठेवा, पुढे धक्का कमी बसेल.)

पण मग जुने हिरो मुळातच सरस होते म्हणून पुढे गेले असतील तर? हे तपासणारा एक सुंदर प्रयोग सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. १४ हजारांवर लोक, फारशी कुणाला माहीत नसलेली ४८ गाणी. काहींना फक्त गाणी दिसली. बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले. त्यांना आपल्या गटात कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड झालं तेही दिसायचं. आकडे दिसल्यावर लोकप्रिय आणि दुर्लक्षित गाण्यांतली दरी वाढली. शिवाय गटागटात वेगवेगळी गाणी वर आली. अगदी उत्तम गाणं सहसा तळाला गेलं नाही, पण मधल्यांचं नशीब सुरुवातीच्या ऐकणाऱ्यांनी ठरवलं.

आता कॉमिक्स. १९३८ साली सुपरमॅन आला तेव्हा हे मैदान जवळपास मोकळं होतं. आजच्या नव्या हिरोला ऐंशी वर्षांच्या साठ्याशी झुंजावं लागतं. त्यात सुपरमॅनच्या निर्मात्यांनी तो १३० डॉलरला विकून टाकला होता, हे प्रत्येक कॉमिक्सवाल्याला माहीत आहे. १९९२ मध्ये काही नावाजलेले चित्रकार मार्व्हल सोडून बाहेर पडले आणि त्यांनी इमेज कॉमिक्स काढली, जिथं पात्राची मालकी निर्मात्याकडे राहते. मग चांगली कल्पना सुचली तर ती मोठ्या कंपनीला कोण देईल?

आपल्याकडचं उदाहरण बहादूरचं. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये इंद्रजाल कॉमिक्ससाठी हा देशी हिरो उभा केला: भगवा कुर्ता, जीन्स, डाकूंशी सामना. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. वेताळ मात्र जगभरच्या वर्तमानपत्रांत १९३६ पासून छापून येत होता, त्याला एका मासिकाच्या मरणानं काही झालं नाही. बहादूरला दुसरं घरच नव्हतं. माझ्या वडिलांना वेताळाची कवटीची अंगठी आठवते. बहादूरचं नाव मला सांगावं लागलं.

इथपर्यंत सगळं पटतं ना? मला पटलं होतं, आणि इथंच फसायला होतं. १९४० च्या दशकात हिरोंचं नुसतं पीक आलं होतं. त्यातले बहुतेक आज कुणाला ठाऊक नाहीत. आपण टिकलेल्या चारपाच जुन्यांची तुलना सगळ्या नव्यांशी करतोय. हा सर्व्हायवरशिप बायस. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये हाच होता. आमच्या भागात अजून पेरले जाणारे ज्वारीचे जुने वाण घेतले, नव्या वाणांशी ताडून पाहिले आणि 'जुने जास्त काटक' असं लिहून मोकळा झालो. गाईडनी एकच विचारलं, "जे जुने वाण शेतातून गेले, ते कुठं मोजलेस?" सहा महिन्यांचं काम परत केलं.

दुसरी अडचण वेळेची. माइल्स मोरालेस २०११ चा. तो टिकला की नाही हे ठरवायला अजून वेळ लागेल. पन्नास वर्षांचा टिकाऊपणा पंधरा वर्षांत मोजता येत नाही. शिवाय तो उभा आहे स्पायडरमॅनच्याच नावावर, मग त्याला नव्यात धरायचं की जुन्यात? हे मोजायच्या आधी ठरवावं लागतं, आकडे पाहून नाही.

आणि छोटा भीम? तो २००८ चा, तरी राजूरच्या दुकानात आहे. तो कॉमिक्समधून नाही, टीव्हीवरून घरात आला, आणि नाव महाभारतातलं घेऊन आला. माझ्या स्पष्टीकरणात तो बसतो असं मला वाटतं, पण सोयीचं उदाहरण वाकवून बसवतोय का, अशी शंकाही आहे. तुम्ही सांगा, त्याला कोणत्या रकान्यात टाकाल?