समुद्रावरची संध्याकाळ आणि ‘बोट लागणे’

परवा दवाखान्यात एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी आल्या होत्या. मुलगा जर्मनीत नोकरीला. गेल्या उन्हाळ्यात त्याने आईवडिलांना बोलावून घेतले आणि चार दिवस ग्रीसमधील सांतोरिनी बेटावर नेले. तिथे संध्याकाळी कॅटामरान नावाच्या शिडाच्या बोटीतून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवतात, बोटीवरच जेवण देतात आणि सूर्यास्त दाखवून परत आणतात. मुलाने हौसेने तिकिटे काढली होती.

“डॉक्टर, समुद्रावर जेवायला गेलो आणि लघवी तुंबून रुग्णालयात पोहोचलो. कुणाला सांगितले तर लोक हसतील,” गुरुजी म्हणाले. बाईंचे वेगळेच. “मला तर त्या जेवणाचा वाससुद्धा नको झाला होता. यांनी सूर्यास्त पाहिला, मी बादली पाहिली!”

हसण्यावारी नेण्यासारखे यात काही नाही. आपल्या जिल्ह्यातून मुलांकडे किंवा प्रवासी कंपन्यांबरोबर परदेशी जाणारे ज्येष्ठ नागरिक आता पुष्कळ आहेत आणि अशी बोटीवरची संध्याकाळ त्यांच्या कार्यक्रमात बरेचदा असते. म्हणून या आठवड्यात बोट लागणे म्हणजे काय आणि त्यावरच्या साध्या गोळीने गुरुजींची लघवी कशी अडली, ते पाहू.

आधी बोटीविषयी. कॅटामरान हा शब्द मूळचा तमिळ, ‘कट्टुमरम्’. कट्टु म्हणजे बांधणे आणि मरम् म्हणजे लाकूड. ओंडके एकत्र बांधून केलेल्या मासेमारीच्या तराफ्याचे हे नाव युरोपात गेले आणि दोन अरुंद सांगाडे वरच्या तक्तपोशीने जोडलेल्या बोटीला चिकटले. मुंबईहून मांडव्याला गेलेल्यांनी हे नाव ऐकले असेल. दोन पायांवर उभी असल्याने ही बोट एका अंगावर फार कलत नाही. “ती हलतच नाही, काळजी नको,” असे तिकीट विकणारे म्हणतात ते यामुळेच. ते अर्धेच खरे आहे. ती कलत कमी असली तरी आखूड लाटांवर हिसके देते, पुढचा भाग वरखाली आपटतो. ज्याला बोट लागायची त्याला ती लागतेच.

आता कानाविषयी. होय, बोट लागते ती पोटात नव्हे, कानात. आपल्या अंतर्कर्णात, म्हणजे कानाच्या अगदी आतल्या भागात, प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यात द्रव असतो. डोके फिरले की द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला कळते की डोके कुठे वळले. शेजारीच दोन लहान पिशव्या असतात. त्यात चुन्याचे सूक्ष्म खडे चिकट पडद्यावर बसवलेले असतात. आपण वर चाललो की खाली, हे त्यावरून कळते. बोटीवर बसून आपण समोरच्या ताटाकडे पाहतो, तेव्हा डोळे मेंदूला सांगतात, ‘सगळे स्थिर आहे.’ कान सांगतो, ‘छे, वरखाली होते आहे.’ दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत, मेंदू गोंधळतो आणि उलटीचे केंद्र चाळवते. आधी जांभया, मग तोंडाला पाणी सुटणे, कपाळावर थंड घाम, चेहरा पांढराफटक, आणि शेवटी ओकारी, असा क्रम असतो. सर्वांत त्रासदायक हालचाल म्हणजे साधारण पाच सेकंदांत एकदा वरखाली होणारी. समुद्राच्या लाटांना नेमका तोच ताल आवडतो.

मळमळीला इंग्रजीत नॉशिया म्हणतात. तो शब्द ग्रीकमधल्या ‘नाउस’ म्हणजे जहाज या शब्दावरून आला आणि आपली ‘नौका’ त्याच कुळातली. ज्यांच्या देशात गुरुजी गेले, त्यांनीच या आजाराला बोटीचे नाव दिले! आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने कोकणात जाणाऱ्यांच्या पिशवीत लिंबू आणि आलेपाक असे. ते अडाणीपणाचे नव्हते. आल्याने काहींची मळमळ थोडी कमी होते, असे आजही दिसते. मात्र जोरदार त्रासाला आले पुरत नाही. हा त्रास म्हणजे दुबळेपणा असेही समजू नये. ब्रिटिशांचा नामवंत नौसेनापती नेल्सन याला आयुष्यभर बोट लागत असे आणि ‘बीगल’ जहाजावरील पाच वर्षांच्या प्रवासात डार्विनचेही तेच हाल झाले. दोन ते बारा वर्षांची मुले, स्त्रिया आणि अर्धशिशीचा त्रास असणाऱ्या व्यक्तींना तो अधिक होतो. वयाबरोबर साधारणपणे कमी होतो.

मग बाईंचे काय चुकले? तीन गोष्टी. जेवण महाग आहे म्हणून त्या दिवशी दुपारी काही खाल्ले नाही. रिकाम्या पोटी मळमळ लवकर सुरू होते, तशीच ती गच्च भरलेल्या पोटीही होते. दोन तास आधी पोळी, दहीभात, केळे असे हलके खाऊन जावे. दुसरे, त्या पुढच्या जाळीवर जाऊन बसल्या. कॅटामरानच्या पुढच्या टोकाला दोन सांगाड्यांमध्ये जाळे ताणलेले असते, फोटो तिथे छान येतात. पण बोट सर्वांत जास्त तिथेच आपटते. जागा घ्यावी मध्यावर किंवा मागच्या बाजूला. तिसरे, त्या मान खाली घालून मोबाईलवर फोटो पाहत राहिल्या. बोटीवर नजर असावी दूर, जिथे आकाश आणि पाणी मिळते त्या रेषेवर. ती रेषा स्थिर असते आणि डोळ्यांची साक्ष कानाशी जुळते. मळमळ सुरू झाली की लोक “खाली जाऊन पडा” असा सल्ला देतात. तो अगदी चुकीचा आहे. खाली क्षितिज दिसत नाही, हवा कोंदट आणि इंजिनाचा वास.

या समुद्रावर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर ‘मेल्टेमी’ नावाचा उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, आणि तरी समुद्र खवळलेला असतो. आपल्याला वादळ म्हणजे ढग हे समीकरण माहीत, त्यामुळे फसगत होते. वारा मर्यादेबाहेर गेला की बंदराचे अधिकारी बोटी सोडत नाहीत, पण त्या मर्यादेच्या आतला वाराही कच्च्या कानाला भारी पडतो. बेटाच्या आडोशाला पाणी शांत असते आणि टोक ओलांडून उघड्यावर आले की खरी परीक्षा. ज्यांना हमखास त्रास होतो त्यांनी मे-जून किंवा सप्टेंबर निवडावा.

आता गुरुजींची गोष्ट. त्यांना प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याचे तीन वर्षांपूर्वीच सांगितलेले होते. रात्री दोनतीनदा उठावे लागते, एवढाच त्रास. बोटीत बसल्यावर मळमळू लागले तेव्हा त्यांनी घरून नेलेल्या अ‍ॅवोमिनच्या दोन गोळ्या घेतल्या. गोळी आपल्याकडे घरोघर असते, एस. टी.च्या प्रवासात सगळेच घेतात. मग मुलाच्या आग्रहाखातर पांढऱ्या वाइनचा एक पेला घेतला. बोटीवर शौचालय एकच, तेही खालच्या अरुंद सांगाड्यात, चार उभ्या पायऱ्या उतरून. संकोचाने आणि पडण्याच्या भीतीने त्यांनी चार तास लघवी रोखून धरली. हॉटेलवर आल्यावर लघवी होईना. मध्यरात्री ओटीपोट दगडासारखे झाले, तेव्हा बेटावरच्या रुग्णालयात नळी घालून ती काढावी लागली.

झाले असे. अ‍ॅवोमिनमध्ये प्रोमेथाझिन हे औषध असते. ते मेंदूतील ज्या संदेशांना अडवून मळमळ थांबवते, त्याच जातीचे संदेश मूत्राशयाच्या स्नायूला आकुंचन पावायला सांगत असतात. तरुण माणसाला फरक कळत नाही. ज्याची वाट प्रोस्टेटने आधीच अरुंद झाली आहे, त्याचा मूत्राशय मात्र हात टेकतो. त्यात दोन गोळ्या, मद्याने वाढलेली लघवी आणि ती रोखल्याने ताणलेला स्नायू! परदेशात याच कामासाठी कानामागे चिकटवायची पट्टी मिळते. तिच्यातील हायोसीन बोट लागण्यावर प्रभावी आहे, पण हा दोष तिच्यातही आहे. काचबिंदूच्या काही रुग्णांना ही सर्वच औषधे डोळ्याचा दाब वाढवून अपाय करू शकतात. पट्टी लावल्यावर हात धुवावेत. तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन दिसणे धूसर होते.

म्हणून प्रोस्टेट किंवा काचबिंदू असलेल्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. ज्यांना असे काही नाही त्यांनी गोळी बोटीत बसण्यापूर्वी एक ते दोन तास घ्यावी, आणि एकच. मळमळ सुरू झाल्यावर जठराचे काम मंदावते, तेव्हा घेतलेली गोळी पोटात नुसती पडून राहते किंवा उलटून पडते. गुरुजींनी दुसरी गोळी घेतली ती ‘पहिलीने फरक पडला नाही’ म्हणून. या गोळ्यांनी गुंगी येते, तेव्हा त्यावर मद्य अजिबात नको. आणखी एक गैरसमज. उलटीवर हल्ली सर्रास दिली जाणारी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी बोट लागण्यावर फारशी उपयोगी पडत नाही. अन्नविषबाधेची उलटी वेगळी, कानाची वेगळी. मनगटावर बांधायच्या पट्ट्यांचा पुरावा कच्चा आहे, पण बांधल्याने नुकसान नाही.

मद्याचा अंतर्कर्णाशी थेट संबंध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये द्रवाबरोबर वाकणारा एक मऊ पडदा असतो. एरवी पडदा आणि द्रव एकाच वजनाचे. रक्तातील मद्य आधी पडद्यात शिरते, पडदा हलका होतो आणि डोके स्थिर असतानाही ‘फिरते आहे’ असा खोटा निरोप जातो. प्यालेल्या माणसाला आडवे झाल्यावर खोली फिरताना दिसते ती यामुळे. जमिनीवर हे, मग हलत्या बोटीवर काय होईल?

जेवणाविषयी. साधारणपणे बोट एखाद्या खाडीत नांगरून मागच्या बाजूला शेगडीवर कोंबडी, डुकराचे मांस, कोळंबी भाजतात. सोबत टोमॅटो-काकडीवर फेटा चीज घातलेले सॅलड, आणि त्झात्झिकी, म्हणजे घट्ट दह्यातली लसूण घातलेली काकडीची कोशिंबीरच. शाकाहारींनी आधी कळवले तर सोय होते. कोळंबी-खेकड्याने ज्यांच्या अंगावर पूर्वी गांधी उठल्या आहेत त्यांनी एकाच शेगडीवर भाजलेले दुसरे काहीही खाऊ नये. समुद्राच्या मध्यावर घसा सुजला तर रुग्णालय जवळ नसते.

खरा पेच मधुमेहींचा. उन्हाळ्यात ग्रीसचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. तिथे जून-जुलैत सूर्यास्तच साडेआठच्या पुढे, तेव्हा आपल्याकडे अकरा वाजून गेलेले असतात. नुकत्याच पोचलेल्या माणसाचे शरीर अजून भारतीय वेळेवर चालत असते. सवयीने जेवणाआधी अर्धा तास इन्शुलिन टोचले आणि ताट यायला उशीर झाला, किंवा ताट आल्यावर ओकारी झाली, तर साखर घसरते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे, ही लक्षणे बोट लागण्याच्या लक्षणांशी इतकी मिळतात की सोबतच्यांना कळतही नाही. म्हणून बोटीवर लगेच परिणाम करणारे इन्शुलिन ताट समोर आल्याशिवाय, आणि दोन घास पोटात ठरल्याशिवाय घेऊ नये. डोस किती ते जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. खिशात साखर हवीच.

या फेरीत पोहायलाही थांबतात. सांतोरिनीचा चंद्रकोरीसारखा आकार सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या प्रचंड स्फोटात ठळक झाला. मधली छोटी बेटे नंतरच्या उद्रेकांतून वर आली आणि तिथला शेवटचा उद्रेक १९५० सालचा. त्या बेटांपाशी ‘गरम झरे’ म्हणून नेतात. वज्रेश्वरीच्या कुंडासारखे काही मनात धरून जाऊ नये. पाणी जेमतेम कोमट, लोह आणि गंधकाने तांबूस. बोट बाहेर थांबते आणि तिथवर गार, खोल पाण्यातून पोहत जावे लागते. पोहता येत नसेल तर मोह टाळावा. हृदयविकाराच्या रुग्णांनी वरून उडी मारू नये, शिडीने हळू उतरावे. चांदीचे दागिने काढून ठेवावेत, गंधकाने काळे पडतात. हे आरोग्याचे नाही, पण बाईंनी आवर्जून लिहायला सांगितले आहे.

परत आल्यावर रात्री अंथरुणावर पडले तरी खाट हलल्यासारखी वाटते. मेंदूने डोलण्याची सवय लावून घेतलेली असते, ती सुटायला काही तास, क्वचित एकदोन दिवस लागतात. औषधाची गरज नसते. हे डोलणे महिनाभर राहिले, किंवा सोबत एका कानाने कमी ऐकू येणे, बोलणे अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे असे काही असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. बोलणे अडखळले किंवा एक बाजू लुळी पडली तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

गुरुजींची नळी तीन दिवसांनी निघाली. प्रोस्टेटचे औषध आता ते नियमित घेतात. मुलगा पुढच्या सप्टेंबरमध्ये पुन्हा बोलावतो आहे. गुरुजींनी विचारले, जाऊ का? मी म्हटले, जा, पण शौचालय कुठे आहे ते बोटीत चढताच पाहून ठेवा, आणि दर दोन तासांनी न लाजता उठा.