शिट्टी न देणारी वाफ

फ्रीझरमधून निघालेली फरसबीची पिशवी दगडासारखी कडक असते. न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, एका अपार्टमेंटच्या ओट्यावर ती दोनदा आपटली जाते, म्हणजे गोठून एकमेकांना चिकटलेले तुकडे सुटे होतात. पिशवी 12 औंसांची, म्हणजे 340 ग्रॅमची. फोडायची नाही, पाणी घालायचं नाही. छापील बाजू वर करून मायक्रोवेव्हच्या फिरत्या तबकडीवर आडवी ठेवायची आणि पाच मिनिटं लावायची. साडेसहाला ऑफिसातून आलेली मुलगी तेवढ्यात कांदा चिरायला घेते. थोड्या महिन्यांसाठी अलिबागहून आलेली तिची आई दाराच्या काचेतून आत बघत उभी आहे.

"अगं, शिट्टी होत नाही, झाकण काढून बघता येत नाही. मग शिजलं हे कळायचं कसं?"

प्रश्न अगदी नेमका आहे. कारण पहिलं दीड मिनिट पिशवीत काहीच घडताना दिसत नाही.

मायक्रोवेव्हच्या लहरी सेकंदाला सुमारे 490 कोटी वेळा दिशा पालटतात. पाण्याचे रेणू त्या ओढीबरोबर वळू पाहतात, शेजारच्यांवर आदळतात आणि त्या घुसळणीतून उष्णता निघते. बर्फातले रेणू मात्र जागच्या जागी जखडलेले असतात, त्यामुळे बर्फ या लहरी फारशा शोषत नाही. एखाद्या शेंगेच्या टोकाशी पाण्याचा थेंब सुटला की तो भराभर तापतो आणि शेजारचा तुकडा अजून गोठलेलाच राहतो. गोठवलेल्या भाजीचा एक घास चटका देतो आणि दुसरा दाताला गार लागतो, तो यामुळे.

हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. 340 ग्रॅम फरसबीत 300 ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. तो बर्फ नुसता वितळवायला सुमारे 100 किलोज्यूल लागतात आणि वितळलेलं पाणी शून्यावरून उकळीपर्यंत न्यायला 125च्या आसपास. म्हणजे बरीच ताकद भाजी गरम होण्याआधीच खर्च होते. उणे 18 अंशांपासूनची सगळी बेरीज 240 किलोज्यूलपर्यंत जाते. 1100 वॅटच्या यंत्राला त्यासाठी साडेतीन-पावणेचार मिनिटं हवीत. वाया जाणारी उष्णता धरली की पिशवीवर छापलेली पाच मिनिटं पटतात. 700 वॅटच्या लहान यंत्रात तीच पिशवी पाच मिनिटांत कच्ची राहते. वेळेआधी वॅट वाचावेत ते म्हणूनच.

तिसऱ्या मिनिटाला पिशवी आतून धुरकट होते. मग एक कोपरा उचलला जातो आणि बघता बघता ती उशीसारखी टम्म फुगते. एक ग्रॅम पाण्याची वाफ दीड लिटरहून जास्त जागा मागते, तेव्हा अर्धा चमचा पाणीही एवढं फुगवायला पुष्कळ झालं. पिशवी फुटत नाही, कारण तिच्या शिवणीत किंवा वरच्या थरात मुद्दाम एक कमजोर जागा ठेवलेली असते. दाब किंचित वाढला की ती उघडते. बारीक फुसफुस ऐकू येते, उकडलेल्या शेंगांचा हिरवा वास स्वयंपाकघरात पसरतो.

"ही तुझी शिट्टी," मुलगी म्हणते.

प्रेशर कुकरशी मात्र पिशवीची बरोबरी करता येणार नाही. कुकरमध्ये दाबामुळे पाणी 120 अंशांच्या आसपास पोचतं. या पिशवीत ते 100च्या पलीकडे जवळजवळ जातच नाही. म्हणून तूरडाळ, राजमा, छोले हे तिचं काम नाही. त्यांना भिजायला आणि मऊ व्हायला वेळ हवा असतो आणि तो वाचवण्याची सोय या पिशवीत नाही. फरसबी, मटार, फ्लॉवर, मका हे मात्र तिला साधतात. गोठवण्यापूर्वीच कारखान्यात या भाज्या उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढलेल्या असतात. त्यामुळे घरी करायचं काम आधीच थोडं झालेलं असतं.

घंटी वाजते, पण दार लगेच उघडायचं नाही. हे आईला सांगावं लागत नाही. गॅस बंद केल्यावर कुकर निवू देणाऱ्या पिढीची ती आहे. दोन मिनिटांत गरम तुकड्यांची उष्णता गार तुकड्यांत उतरते. मग पिशवी कोपऱ्यांना धरून बाहेर काढायची आणि तोंड स्वतःपासून दूर करून कापायची. वाफेचा पहिला भपका मनगट सहज भाजतो.

ताज्या भाजीसाठी चेन असलेल्या, वर वाफेला वाट ठेवलेल्या वेगळ्या पिशव्या मिळतात. तिथे खरी परीक्षा सुरीची. या लहरी भाजीत जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर खोल जोरात पोचतात, पुढचा गाभा उष्णता हळूहळू झिरपूनच शिजतो. गाजराची एक चकती नाण्याएवढी आणि दुसरी बोटाएवढी जाड कापली, तर एकीचा लगदा होतो आणि दुसरी कडकच राहते. शिवाय पिशवी अर्ध्याहून जास्त भरायची नाही आणि तुकडे एका थरात पसरायचे. भाजी धुऊन पुसायची नाही; अंगाला चिकटलेलं पाणी वाफेला पुरतं. मीठ शेवटी. आधी भुरभुरलं तर खारट झालेला पृष्ठभाग लहरी अडवून ठेवतो, वरचा भाग सुकतो आणि आतला मागे राहतो. पिशवीभर पालक दोन मिनिटांत मूठभर होतो. एका जुडीत चार माणसांचं भागेल असं समजू नये.

मायक्रोवेव्हचं हे यंत्र मुळात स्वयंपाकासाठी जन्मलेलंच नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन बनवणाऱ्या अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचे अभियंते होते. 1945च्या सुमारास चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभं असताना त्यांच्या खिशातली गोड वडी वितळली, अशी हकिकत सांगतात. 1947 साली बाजारात आलेलं पहिलं यंत्र जवळजवळ माणसाएवढं उंच आणि 340 किलो वजनाचं होतं. ओट्यावर मावेल असं, घरगुती वापराचं यंत्र 1967 साली आलं.

आईला मात्र ओळखीचं वाटतं ते वेगळंच. "ही तर पोपटीच!" ती म्हणते. रायगड जिल्ह्यात थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेताच्या कडेला पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी, कधी मसाला चोळलेली कोंबडी, आणि तोंडाशी पुन्हा पाल्याचा घट्ट बोळा. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवतात. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. शेंगांचं आणि पाल्याचं स्वतःचं पाणी वाफ होऊन आतच कोंडतं आणि जास्तीची वाफ पाल्यातून वाट काढते. झाली की नाही हे बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र वाजलं की काढायची.

तुलना अचूक आहे. फरक एवढाच की मडकं बाहेरून आत शिजवतं आणि त्याला धूर, पाला, माती यांचा वास असतो. पिशवीत वास फक्त भाजीचा.

आणि प्लास्टिकचं काय? हा प्रश्नही आईचाच, तोही टाळण्यासारखा नाही. मायक्रोवेव्हला चालणाऱ्या पिशव्यांत पॉलिप्रॉपिलीन सर्रास वापरतात. ते 160 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून वाफेला टिकतं. साधी बाजारची पिशवी त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते, ती कधीच आत ठेवू नये. पण न वितळणं म्हणजे काहीच न सुटणं नव्हे. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 साली लहान मुलांच्या खाण्याचे प्लास्टिकचे डबे आणि पाउच तपासले. तीन मिनिटं मायक्रोवेव्ह केल्यावर काहींच्या एका चौरस सेंटीमीटरमधून 40 लाखांहून अधिक सूक्ष्म आणि 200 कोटींहून अधिक अतिसूक्ष्म कण सुटल्याचं त्यांना आढळलं. फरसबीच्या पिशवीची ही चाचणी नव्हती, तरी रोज रात्री पिशवीत शिजवणाऱ्याने ती लक्षात घ्यावी. त्यात भर म्हणजे अनेक थरांच्या अशा पिशव्यांचा पुनर्वापर जवळजवळ होत नाही.

मुलीने मार्ग काढला आहे. गडबडीच्या दिवशी पिशवी. एरवी तीच फरसबी काचेच्या भांड्यात, वर चमचाभर पाणी आणि झाकायला काचेचीच ताटली. थोडा वेळ जास्त लागतो, मध्ये एकदा हलवता येतं. मोहरी, हिंग, हळद आणि चिरलेल्या कांद्याची फोडणी कढईत, वर ओलं खोबरं. फरसबी चिरण्यात जाणारी वीस मिनिटं वाचतात आणि तिच्या दृष्टीने संध्याकाळची ती वीस मिनिटं मोठी आहेत.

शनिवारी इंडियन स्टोअरमधून गोठवलेली वालपापडी आली. आईने ती काचेच्या भांड्यात घातली, ओवा चुरडून घातला, वर ताटली ठेवली आणि सात मिनिटं लावली. ताटलीच्या कडेने वाफ यायला लागली तशी ती वाकून कान देऊन उभी राहिली. नंतर एक शेंग तोंडात टाकून सावकाश चावली.

"शिजलीय छान," ती म्हणाली, "भांबुर्डीचा वास तेवढा नाही." आणि दुसरी उचलली.