सरकारी दार कोणत्या झाडाचं? टेंडरमध्ये न विचारलेला प्रश्न

ज्यांना रेंजमुळे भाग नीट ऐकता आला नाही, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला मजकूर. आजचा विषय लाकूड. त्यातही सरकार आपल्या पैशातून विकत घेतं ते लाकूड.

सुरुवात कपिलधारपासून करू. बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की बालाघाटच्या डोंगरात हे ठिकाण लागतं. मन्मथस्वामींची समाधी, पावसाळ्यातला धबधबा, कार्तिकी पौर्णिमेची यात्रा, हे तुम्हाला माहीतच आहे. पण आजूबाजूला नजर फिरवा. चौकटीला, दाराला लागेल असं सागवान पुरवणारं जंगल दिसतं का? नाही. बीड हा राज्यातल्या सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. तरीही इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला बाकं लागतात, आरोग्य केंद्राला दारं लागतात, तहसीलला टेबलं लागतात. ते झाड कुठेतरी दुसरीकडे पडलेलं असतं. कुठे? बिलावरून हे सहसा कळत नाही.

टेंडरमध्ये नेमकं काय विचारतात?

सरकारी कामात लाकडाचे नियम नाहीत असं अजिबात नाही. फ्लश दरवाजा असेल तर आयएस २२०२, साधं प्लायवूड असेल तर आयएस ३०३, पाण्यात टिकणारं मरीन प्लाय असेल तर आयएस ७१०. हे सगळे दर्जाचे नियम. दार वाकणार नाही, प्लाय सुटणार नाही, एवढीच खात्री त्यातून मिळते.

आता गंमत बघा. बांधकामवाल्यांच्या तोंडी आजही ‘सीपी टीक’ किंवा ‘बल्लारशा सागवान’ असे शब्द असतात. सीपी म्हणजे ब्रिटिशांच्या काळातला सेंट्रल प्रोव्हिन्सेस, आपल्या विदर्भाकडचा आणि मध्य प्रदेशाचा भाग. म्हणजे लाकडाचं गाव विचारायची सवय आपल्याकडे जुनीच आहे. फक्त ते दर्जासाठी विचारलं जातं. तिथे झाड कसं तोडलं, त्याच्या जागी दुसरं वाढलं का, हे कोणी विचारत नाही. आणि शेवटी काम बहुतेक वेळा सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला जातं.

बंदी घालून पाहिली

१९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने लाकडाला पर्याय शोधा असं सांगितलं. त्यानंतर १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने, म्हणजे सीपीडब्ल्यूडीने, आपल्या इमारतींत लाकूड वापरायला बंदी घातली. हेतू चांगला होता, जंगल वाचावं. मग पर्याय म्हणून लोखंडी चौकटी, अॅल्युमिनियमच्या खिडक्या, पीव्हीसीची दारं पुढे आली.

पण लोखंड, सिमेंट आणि अॅल्युमिनियम बनवताना भरपूर कोळसा आणि वीज जळते. लाकडाचं उलटं आहे. वाळलेल्या लाकडाच्या वजनातला जवळपास निम्मा भाग कार्बन असतो, आणि दार टिकेल तोवर तो दारातच राहतो. शिवाय शेतकऱ्याने लावलेल्या लाकडाचं एक मोठं गिऱ्हाईक या बंदीने कमी केलं. शेवटी पर्यावरण मंत्रालयानेच विनंती केली आणि जुलै २०२० मध्ये ही बंदी उठली.

म्हणजे सरकार पुन्हा लाकडाच्या बाजारात उतरलं आहे. म्हणूनच ‘कुठलं लाकूड?’ हा प्रश्न आता जास्त महत्त्वाचा झाला आहे.

कायदेशीर आणि शाश्वत, दोन्ही एकच का?

नाही. हा फरक नीट लक्षात घ्या.

कायदेशीर म्हणजे परवानगी घेऊन तोडलेलं, वाहतूक परवाना असलेलं. शाश्वत म्हणजे त्या जागी जेवढं वाढतं त्याहून जास्त तोडलं नाही, पाणी-माती बिघडली नाही आणि तिथल्या लोकांचा हक्क डावलला नाही.

तिसरा मुद्दा समजायला गडचिरोलीत जाऊ. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागे, आणि तो वनखात्याच्या हातात. एप्रिल २०११ मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा कुठे गाव स्वतःचा बांबू स्वतः विकू लागलं. जंगल सांभाळणाऱ्यालाच विक्रीचे पैसे मिळाले, तर त्याला ते जंगल उद्याही टिकवावंसं वाटतं.

ब्रिटनने हा फरक सरकारी खरेदीतच आणला. एप्रिल २००९ पासून तिथल्या केंद्रीय खात्यांना लाकूड कायदेशीर आणि शाश्वत आहे याचा पुरावा मागावा लागतो. त्याला तेव्हा पर्याय होता युरोपच्या करारातलं परवानाधारक लाकूड.

साखळी तुटते कुठे?

वनखात्याच्या डेपोत ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का असतो. ट्रकसोबत परवाना असतो. देशभर एकच ऑनलाइन परवाना चालावा म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणालीही सुरू झाली. इथपर्यंत माग लागतो.

मग ओंडका सॉ मिलमध्ये जातो. त्याच्या फळ्या होतात आणि शिक्का भुशात जातो. वीस ट्रकांचं लाकूड एकाच ढिगात पडलं की कुठली फळी कुठली, हे सांगता येत नाही. प्लायवूडमध्ये तर एकाच शीटमध्ये अनेक झाडांचे थर असतात.

मोठ्या कामांत मात्र माग ठेवता येतो. नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं. अयोध्येच्या मंदिरासाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवानाची मिरवणूक निघाली. तिथे लाकडाचं गाव सगळ्या देशाला सांगितलं गेलं. शाळेच्या बाकाला तो मान का नसावा?

‘प्रमाण’ म्हणजे काय?

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने भारतीय वन व काष्ठ प्रमाणीकरण योजना आणली. तिचं काम भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था बघते. त्यात तीन गोष्टींना प्रमाणपत्र मिळू शकतं: जंगलाचं व्यवस्थापन, जंगलाबाहेरची झाडं म्हणजे शेतातली-बांधावरची, आणि ओंडक्यापासून दुकानापर्यंतची साखळी.

पण योजना ऐच्छिक आहे. प्रमाणपत्राला खर्च येतो, आणि गिऱ्हाईक विचारतच नसेल तर तो खर्च कोण करेल? इथेच सरकारी खरेदीची ताकद दिसते. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने विचारायला सुरुवात केली की सॉ मिलवालाही ढीग वेगळे ठेवू लागतो.

बीडच्या बांधावर याचा काय फायदा?

बीडजवळ पालवणला सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने सह्याद्री देवराई उभी राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे वृक्ष संमेलनही झालं. देवराईतलं झाड तोडायचंच नसतं. पण बांधावरचं सागवान किंवा बांबू हे पीक आहे. हे पीक विकलं गेलं तर जंगलावरचा ताण कमी होतो. आणि दोन्हींतला फरक बाजारात कळायचा तर लाकडाचं गाव विचारावंच लागतं.

हरियाणातल्या यमुनानगरचा प्लायवूड धंदा शेतातल्या पॉपलर आणि निलगिरीवर उभा आहे. म्हणजे शेतातल्या लाकडावर उद्योग चालू शकतो. आपल्याकडे अडचण कागदांची आहे. सागासारखं झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. या फेऱ्या नकोत म्हणून अनेक जण उभं झाडच व्यापाऱ्याला देऊन मोकळे होतात. बांबूला मात्र २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेर ‘झाड’ या व्याख्येतून सूट मिळाली.

इथे धोकाही आहे. उद्या टेंडरमध्ये नुसतं ‘प्रमाणपत्र जोडा’ असं लिहिलं, तर मोठी कंपनी कागद आणेल आणि दोन एकरवाला बाहेर राहील. म्हणून अट घालताना गावाचं किंवा शेतकरी कंपनीचं गट प्रमाणपत्र चालेल, हेही लिहायला हवं.

आपण काय विचारायचं?

राज्याची टेंडरं महाटेंडर्स पोर्टलवर मोबाईलवर बघता येतात. आपल्या गावात शाळेचं, भक्तनिवासाचं किंवा ग्रामपंचायतीचं काम निघालं, तर ग्रामसभेत हे चार प्रश्न विचारा:

१. लाकूड कोणत्या जातीचं आणि कोणत्या जिल्ह्यातलं किंवा देशातलं?
२. वाहतूक परवान्याची प्रत बिलाला जोडली आहे का?
३. शेतातलं लाकूड किंवा बांबू चालेल, असं टेंडरमध्ये लिहिलं आहे का?
४. गट प्रमाणपत्र मान्य आहे का?

उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. आणि तुमच्या बांधावर विकण्याजोगी झाडं असतील, तर परवानगीला किती फेऱ्या झाल्या ते आम्हाला व्हॉइस नोट करून सांगा. पुढच्या भागात त्यावरच बोलू. तोवर, काळजी घ्या!